आधी भोक बघा, मग नक्षी

पत्र, थोडं संक्षिप्त करून:

«सप्रेम नमस्कार. माझे मामा १९७०च्या दशकात मालवाहू जहाजावर नोकरीला होते. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या ट्रंकेत एका हलक्या लाकडाच्या पेटीत काळी, तळहातात मावेल एवढी चकती निघाली. बारीक दाणेदार पृष्ठभाग आणि वर सोनेरी फुलं. मामी म्हणाली, कोबेहून आणलेलं काहीतरी. शोधाशोध केल्यावर कळलं की ही जपानी तलवारीच्या मुठीपुढची त्सुबा. मग मला नादच लागला. ऑनलाइन एक घेतली: लोखंडी, दोन मोठ्या लांबट भोकांची, ‘एदो काळ, मुसाशी’ असं वर्णन, साडेसहा हजारांना. दुसरी चोर बाजारात मिळाली, तिच्यात लढणारे योद्धे जाळीसारखे कोरलेत आणि जपानी सही आहे. आता एक विक्रेता ‘गोवा-पोर्तुगीज नांबान त्सुबा’ म्हणून आणखी एक दाखवतोय, चाळीस हजार सांगतो. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, हे सगळं नकली. फोटो जोडलेत. खरं-खोटं ओळखायचं कसं? साडेसहा हजार परत मागू का? आणि मामांच्या त्सुबेला आईने कडेला चिंच लावली होती, तिथे ती तांबूस झाली आहे. ती पुन्हा काळी कशी करू?
— मामाची भाची, नाशिक»

ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो तातडीचा आहे. त्या तांबूस कडेला आता काहीही लावू नका. चिंच नाही, लिंबू नाही, पितांबरी नाही, बुटाचं काळं पॉलिश तर मुळीच नाही. आईंना बोलूही नका. आपल्याकडे तांब्या-पितळेची वस्तू घरात आली की तिची आणि चिंचेची गाठ पडणारच. त्यांनी चार पिढ्यांचा शिरस्ता पाळला. पण ही वस्तू त्या शिरस्त्यातली नाही. तिचा काळेपणा म्हणजे मळ नव्हे, तोच तिचा दागिना.

फोटोवरून मला ही ‘शाकुदो’ वाटते. शाकुदो म्हणजे तांब्यात थोडंसं, साधारण शेकडा तीन ते पाच भाग, सोनं मिसळून केलेला धातू. घडवल्यावर तो तांब्यासारखाच तांबूस दिसतो. मग त्याला तांब्याच्या क्षारांच्या द्रावणात उकळतात आणि त्यावर निळसर झाक असलेला गर्द काळा थर चढतो. ओल्या कावळ्याच्या पंखासारखा. हा थर कागदाहूनही पातळ असतो. बिदरीचं काम पाहिलं असेल तर लगेच समजेल: तिथेही काळेपणा वरवरचा, बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांनी आणलेला, आणि खाली वेगळ्याच रंगाचा धातू. बिदरीच्या सुरईला कोणी चिंच लावत नाही, तसंच हे.

मात्र आईंनी नकळत एक चाचणी करून ठेवली. काळ्याखालून तांबूस धातू निघाला. आजकालच्या स्वस्त नकलांमध्ये बऱ्याचदा जस्ताचा मिश्रधातू ओतून वर काळा रंग दिलेला असतो. तिथे चिंचेने काही उघडं पडलंच असतं, तर ते राखाडी-पांढरं असतं. म्हणजे मामांच्या बाजूने एक गुण पडला. एकच, पण पडला.

आता त्या गृहस्थांचं ‘सगळं नकली’. दुरून हे म्हणणं सोपं असतं आणि चुकलं तरी कोणी जाब विचारत नाही. मुळात ‘खरी की खोटी’ असे दोनच खण करून या वस्तू त्यात बसत नाहीत. एक त्सुबा खरोखर दोनशे वर्षं तलवारीवर राहिलेली असते. दुसरी तितकीच जुनी, पण तिच्यावरची सही कोणीतरी नंतर ठोकलेली. तिसरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशी गिऱ्हाइकासाठीच घडवलेली, हाताने, उत्तम, पण तलवारीवर कधीच न चढलेली. चौथी आजच्या कारागिराने स्वतःच्या नावाने केलेली किंवा इआइदोच्या, म्हणजे तलवार उपसण्याच्या जपानी कलेच्या, सरावाच्या तलवारीसाठी बनवलेली, त्यात लबाडी काहीच नाही. आणि पाचवी म्हणजे साच्यात ओतून, गंज चढवून, ‘एदो काळ’ (म्हणजे १६०३ ते १८६८, सामुराई राजवटीचा काळ) म्हणून विकलेली. फसवणूक फक्त या शेवटच्या जातीत आहे, आणि दुसरीतल्या सहीत. तुमच्या फोटोंत यातल्या निदान तीन जाती आहेत असं मला दिसतं.

तिसरी जात का जन्मली तेही सांगतो, नाहीतर मामांच्या त्सुबेचं कोडं उलगडणार नाही. मार्च १८७६ मध्ये मेइजी सरकारने फर्मान काढलं: सैन्य, पोलीस आणि समारंभी पोशाखातले अधिकारी वगळता कोणी तलवार बाळगून हिंडायचं नाही. एका दिवसात सगळ्या सामुराई घराण्यांच्या कमरेच्या दोन-दोन तलवारी निरुपयोगी झाल्या आणि त्यांचं सामान बाजारात आलं. त्सुबा तर सुटी निघते, पेटीत मावते, टेबलावर शोभते. युरोप-अमेरिकेत ती ढिगांनी गेली. कारागिरांचं मात्र पोटच गेलं. कानो नात्सुओसारखा अव्वल माणूस नव्या सरकारच्या नाण्यांचे ठसे कोरू लागला. बाकीचे परदेशी बाजाराकडे वळले. योकोहामा बंदरातून जाणाऱ्या अशा मालाला जपानी संग्राहक नाक मुरडून ‘हामामोनो’ म्हणतात, म्हणजे बंदरी माल. आज तोही सव्वाशे-दीडशे वर्षांचा झाला आहे. त्याला नकली म्हणायचं की जुना? मी तरी त्याला जुना बंदरी माल म्हणतो आणि त्या बेताने पैसे मोजतो.

तर ओळखायचं कसं? मला हे शिकवलं कोल्हापूरच्या एका मित्राने. त्याचा जपानशी काडीचा संबंध नाही. बावीस-तेवीस वर्षांपूर्वी मी माझी पहिली त्सुबा एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतली. लोखंडी, गोल, पानाफुलांची जाळी. दुकानदाराने मखमलीत गुंडाळून दिली, भाव ऐकून बायकोने दोन दिवस अबोला धरला. मी ती दिवाणखान्यात ठेवली आणि येईल त्याला सामुराईंच्या गोष्टी सांगू लागलो. हा मित्र शिरोलीच्या एका फौंड्रीतून निवृत्त झालेला. त्याने गोष्ट ऐकून घेतली, चकती उचलली, जाळीच्या भोकात अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाला, “आरं, ही तर ओतलीया की! ही बघ पार्टिंग लाइन. फेटलिंगबी नीट केलं नाही लेकानं.”

नख मीही फिरवलं. भोकाच्या आतल्या भिंतीवर बरोबर मध्यावर केसाएवढी रेघ सर्वदूर गेली होती. साच्याचे दोन भाग जुळतात तिथली. ओतकाम निघाल्यावर ती घासून काढायची असते, तेच फेटलिंग. दोन वर्षं ती माझ्यासमोर होती. मी रोज नक्षी बघत होतो, भोकात कधी बघितलंच नव्हतं.

तेव्हापासून माझा एकच नियम: आधी भोक, मग नक्षी. नक्षी साच्यात हुबेहूब उतरते. भोकाच्या आत काय झालंय ते मात्र नकलाकाराच्या ध्यानात नसतं, किंवा तिथे मेहनत करणं त्याला परवडत नाही.

घडीव लोखंडाच्या पत्र्यात जाळी काढायची तर आधी भोक पाडावं लागतं, मग छिन्नी, करवत, मग कानस. त्यामुळे आतल्या भिंती सरळ आणि कडा रेखीव असतात. दहापट भिंगाखाली कानशीचे तिरके ओरखडे दिसतात, काळाने मऊ झालेले. ओतीव नकलेत त्याच भिंती दाणेदार असतात, वाळूच्या कागदासारख्या. कडा साबणाच्या वडीसारख्या गोल. कोपऱ्यात बारीक फुगे, फौंड्रीवाले ज्याला ब्लो होल म्हणतात तसले. तुमच्या मुसाशीवालीच्या चौथ्या फोटोत, उजव्या मोठ्या भोकाच्या आत, मधोमध जाणारी रेघ मला स्पष्ट दिसते. स्क्रीनवर मोठं करून बघा.

आता मधलं भोक. त्सुबा काय करते ते डोळ्यांसमोर आणा. आपल्या तलवारीची परज मुठीशी जोडलेलीच असते, जपानी तलवारीत ही चकती सुटी असते. पात्याचं मुठीत जाणारं शेपूट तिच्या मधल्या भोकातून आरपार जातं, दोन्ही बाजूंना तांब्याचे पातळ वॉशर बसतात, त्यांना ‘सेप्पा’ म्हणतात, आणि मग मूठ. सगळं घट्ट बसायला हवं. त्सुबा हलली, खुळखुळली, तर तलवार निकामी. पण प्रत्येक पात्याचं शेपूट वेगळ्या मापाचं. त्यामुळे एका पात्यावरून काढून दुसऱ्यावर चढवताना कारागीर दोनपैकी एक करायचा. भोकाच्या वरच्या-खालच्या टोकाला पंचने ठोके देऊन धातू आत ढकलायचा, किंवा तिथे तांब्याचे छोटे तुकडे ठोकून बसवायचा. या तुकड्यांना ‘सेकिगाने’ म्हणतात.

मला त्सुबेत सगळ्यांत आवडतो तो हा भाग. सुंदर नक्षीच्या मधोमध हे ओबडधोबड ठोके, कधी एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला पाच. ही शोभा नव्हे, दुरुस्ती आहे. एका पात्याची सोबत संपून दुसऱ्याची सुरू झाल्याची खूण. भोकाभोवती सेप्पा बसत असे तिथे लंबगोल भागाचा रंग आणि गुळगुळीतपणा बाकीच्यापेक्षा किंचित निराळा झालेला असतो.

साच्यावरून केलेल्या नकलेत हे ठोकेही उतरतात, पण उतरतात ते मऊ होऊन, लोण्यात बोट उमटावं तसे. खरा ठोका धारदार असतो आणि धातू त्याच्या कडेला वर आलेला असतो. आणि सेकिगाने? हा तर गमतीचा प्रकार. नकलेत तो तांब्याचा तुकडा वेगळा नसतोच. चकतीसोबतच लोखंडात ओतलेला असतो आणि वर तांबूस रंग मारलेला. भिंगाने बघा, दोन धातूंच्या मध्ये सांधा आहे का? तुमच्या मुसाशीवालीत नाही. चोर बाजारातल्या त्सुबेत आहे, आणि वरचा तुकडा जरा हललेलाही आहे. मला त्या हललेल्या तुकड्याने फार आनंद दिला.

भोकाचा आकारही बघा. ते लांबट पाचरीसारखं हवं, एका टोकाला निमुळतं (धारेची बाजू), दुसऱ्याला रुंद आणि जवळपास सपाट (पाठीची बाजू). निमुळतं टोक वर करून समोरून पाहिलं की शेजारी बऱ्याचदा आणखी दोन भोकं दिसतात: डावीकडे अर्धचंद्रासारखं, म्यानातल्या छोट्या सुरीसाठी, उजवीकडे तीन पाकळ्यांचं, ‘कोगाइ’ नावाच्या केसांच्या काडीसाठी. काही त्सुबांना एकच असतं, काहींना एकही नाही, काहींत ती नंतर शिसं किंवा शाकुदो ठोकून बुजवलेली. नकलेत ही भोकं नुसती आकारापुरती काढतात. कधी इतकी लहान की सुरी सोडा, काडेपेटीतली काडीही जेमतेम जाईल.

तरी एक सांगायला हवं, नाहीतर तुम्ही चांगली वस्तू नाकाराल. वापराच्या खुणा नसणं म्हणजे नकली असणं नव्हे. नजराण्यासाठी घडवलेल्या किंवा पेटीतच राहिलेल्या उत्तम त्सुबाही आहेत.

लोहचुंबक जवळ ठेवा, पण त्याच्यावर भिस्त नको. लोखंडी म्हणून विकलेली चकती चुंबकाला चिकटली नाही तर विषय तिथेच संपला. चिकटली, तर एवढंच कळलं की ती लोखंडी आहे. ओतीव लोखंडही चिकटतंच. बोटावर लटकवून नखाने टिचकी मारायची, घडीव लोखंड घंटेसारखं वाजतं, ओतीव ‘ठक्’ करतं, हेही तुम्ही कुठेतरी वाचाल. बऱ्याचदा खरं असतं. पण जाळीदार त्सुबा कमी वाजते, जाड वेगळी वाजते, आणि तांब्याच्या जातीच्या धातूंना हा नियम लागूच नाही. शिवाय टिचकीवरून माणूस चमच्यावर जातो आणि चमच्यावरून हातोडीवर. नकोच.

माप मात्र घ्या. कातानाची, म्हणजे लांब तलवारीची, त्सुबा साधारण सात ते साडेआठ सेंटिमीटरची, आखूड तलवारीची त्याहून लहान. एखाद्या ग्रंथातल्या किंवा संग्रहालयातल्या त्सुबेशी तुमची डागाला डाग जुळत असेल आणि मापाने मात्र थोडी लहान भरत असेल, तर समजा. अस्सल वस्तूवरून साचा घेतला, की ओतलेला धातू थंड होताना आकसतो, नक्कल किंचित लहान होते. आणि जुळे शोधा. मुसाशीवालीचा फोटो टाकून इंटरनेटवर चित्रशोध केला तर मला तीच चकती आणखी तीन ठिकाणी दिसली, डाव्या कडेचा खळगाही त्याच जागी. तांबट आळीत मठारकाम बघितलेल्या माणसाला सांगायला नको, की हाताचा एक ठोका दुसऱ्यासारखा पडत नाही.

या मुसाशी नमुन्याबद्दल दोन शब्द. दोन लांबट भोकांच्या या घाटाला ‘नामाको’, म्हणजे समुद्रकाकडी, म्हणतात. नामांकित तलवारबाज मियामोतो मुसाशी १६४५ मध्ये कुमामोतोला वारला, आणि हा घाट त्याच्या हातचा अशी परंपरा आहे. सरावाच्या तलवारींवर तो आज इतका लोकप्रिय आहे की त्याच्या नकला खेळण्यांसारख्या बनतात. तलवारबाजी शिकणारे लोक ती हौसेने लावतात आणि त्यात काही वाईट नाही. वाईट आहे तो ‘एदो काळ’ हा शब्द.

म्हणून हो, पैसे परत मागा. पण आधी विक्रेत्याचं वर्णन पुन्हा वाचा. ‘एदो काळ’ लिहिलंय की ‘एदो स्टाइल’? दुसरं असेल तर तो निसटेल. पहिलं असेल तर त्या पानाचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, भोकातल्या रेघेचा फोटो जोडा आणि लेखी मागणी करा. दाद दिली नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, पुढे जिल्हा ग्राहक आयोग. भांडण चकतीच्या सौंदर्याबद्दल करू नका, वर्णनाबद्दल करा.

आता चोर बाजार. ही मला या सगळ्यांत जास्त आवडली. सहीची अक्षरं फोटोत वाचता येतात: ‘गोशू हिकोने जू, मोगाराशी न्यूदो सोतेन सेइ’. म्हणजे ओमी प्रांतातल्या हिकोने गावच्या मोगाराशी सोतेनने बनवली. बिवा सरोवराकाठच्या या कारागिराच्या नावावर योद्ध्यांच्या, चिनी ऋषींच्या जाळीदार त्सुबा आहेत. लोकांना त्या इतक्या आवडल्या की एदो काळातच इतरांनी तसल्याच करून त्यावर हीच सही ठोकायला सुरुवात केली. ‘सोतेन’ ही सही असलेल्या त्सुबांपैकी बहुतेक सोतेनच्या नाहीत, हे जपानी जाणकार उघड बोलतात. नोबुइए आणि कानेइए या जुन्या नामवंत कारागिरांच्या नावांचंही तेच. गंमत अशी, की लोखंडी त्सुबांमध्ये जुन्या आणि चांगल्या कितीतरी बिनसहीच्याच आहेत. नवखा माणूस सही बघून खूश होतो. मी सही दिसली की जरा सावध होतो.

सही खोदलेली आहे की ओतलेली, एवढं तरी भिंगाने कळतं. छिन्नीने अक्षर कोरताना एक रेघ अनेक छोट्या त्रिकोणी घावांची बनते, आणि कडेला धातूची बारीक वरंबी उठते. ओतलेल्या किंवा यंत्राने खोदलेल्या अक्षराचा तळ नाल्यासारखा एकसारखा गोल. तुमच्यातले घाव त्रिकोणी आहेत. योद्ध्यांच्या चिलखतावर सोनं झिजलंय तिथेही बघा: खाली आडव्या-उभ्या बारीक रेघांचं जाळं दिसतं. जपानीत याला ‘नुनोमे झोगान’ म्हणतात, कापडाच्या विणीसारखं जडावकाम. आपल्या तलवारींच्या मुठींवरची कोफ्तगिरी हीच. लोखंड ओरखडायचं आणि त्या ओरखड्यांत सोन्याचा पातळ वर्ख ठोकून रुतवायचा. नकलेत सोनेरी रंग असतो किंवा विजेने दिलेला मुलामा. तो झिजला की खाली ओरखडे नसतात, नुसतं काळं असतं.

म्हणून माझा अंदाज: एदो काळाच्या उत्तरार्धातलं, हिकोने घाटाचं, हाताने केलेलं काम, सोतेनची सही मात्र नावापुरती. तुम्ही किती दिले ते लिहिलं नाहीत. सोतेनचा भाव दिला असेल तर फसलात. जुन्या बिननावाच्या त्सुबेचा दिला असेल तर चांगली वस्तू मिळाली.

‘गोवा-पोर्तुगीज नांबान’ सोडून द्या. नांबान म्हणजे ‘दक्षिणेकडचे रानटी’. जपानी लोक पोर्तुगिजांना असं म्हणत. पोर्तुगीज माणसं १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर उतरली, १५७१ पासून नागासाकीत व्यापार होता आणि गोव्याहून मकाऊमार्गे तिथे जहाजं जात, हे सगळं खरं. पण नांबान घाटाच्या बहुतेक त्सुबा, त्या वेलींत गुंतलेल्या ड्रॅगनांच्या, पोर्तुगिजांची हकालपट्टी झाल्यानंतर, म्हणजे १६३९ नंतर, नागासाकीच्या चिनी आणि डच वाऱ्यात घडल्या. त्या जपानीच. गोव्याचं नाव तिथे किंमत वाढवायला आणलंय, आणि खास तुमच्या-माझ्यासारख्या गिऱ्हाइकासाठी. फोटोत मधल्या भोकाच्या आतली बाजू एकाही ठिकाणी दाखवलेली नाही. विचारा त्यांना. टाळाटाळ केली तर उत्तर मिळालंच.

राहिली मामांची. सोनेरी फुलांभोवतीचे बारीक दाणे, ‘नानाको’, म्हणजे माशाची अंडी, एकेक करून पोकळ टोकाच्या पंचने मारतात. भिंगाखाली रांगा जवळपास सरळ दिसायला हव्यात, पण ‘जवळपास’च, कुठेतरी एक दाणा चुकलेला, एखादी ओळ कडेला वळताना दाटलेली. सगळं यंत्रासारखं निर्दोष असेल किंवा दाणे एकमेकांत वितळल्यासारखे दिसत असतील तर चिंता. तुमच्या फोटोत तिसऱ्या पाकळीपाशी एक ओळ किंचित घसरलेली आहे.

एक चाचणी नाशिकातच होईल. सराफाकडे किंवा हॉलमार्किंग केंद्रात कॅरेट मोजायचं क्ष-किरणांचं यंत्र असतं, वस्तूला इजा न करता धातूचं प्रमाण सांगतं. फुलांपासून दूर, काळ्या भागावर लावायला सांगा. तांब्यासोबत दोन-चार टक्के सोनं निघालं तर शाकुदो. यंत्र फक्त वरचा थर वाचतं, तेव्हा आकडा अंदाजी धरा. आणि सोनं न निघालं म्हणून ती खोटी ठरत नाही, साध्या तांब्याच्या जुन्या त्सुबाही आहेत. सराफाला आधीच बजावून ठेवा: कसोटीवर घासायचं नाही, कानस लावायची नाही, ‘जरा चमकवून देतो’ म्हणाला तर वस्तू उचलून घरी यायचं.

सोनं निघालं तरी ती तलवारीवरची की योकोहामाच्या बंदरी मालातली, हा प्रश्न राहीलच, आणि त्याचं उत्तर पुन्हा मधल्या भोकात आहे. मला तिथे ठोके दिसत नाहीत, पण सेप्पाचा लंबगोल मागच्या बाजूला पुसटसा दिसतो असं वाटतं. वाटतं, एवढंच म्हणतो. फोटोवरून यापुढे जाणं म्हणजे कुंडली बघणं. पक्कं हवं असेल तर तोक्योतल्या ‘निहोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाई’ या १९४८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेकडे वस्तू प्रत्यक्ष पाठवून परीक्षण करून घेता येतं. पसंत पडली तर ती प्रमाणपत्र देते. खर्च, टपाल, विमा, जकात हे सगळं धरून विचार करा. विकायची नसेल तर मी स्वतः पाठवणार नाही. त्याऐवजी बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाच्या आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संकेतस्थळांवरच्या त्सुबा रोज पाच-पाच बघा. दोन महिन्यांत तुमची नजर त्या गृहस्थांपेक्षा तयार होईल.

तोवर ती मऊ सुती कापडात ठेवा, तेल नको, हाताचा घाम नको. लोखंडी दोन्हींनाही तेल नको. सुती कापडाने अधूनमधून पुसलं की पुरे. चिंचेचा तांबूस डाग वर्षानुवर्षांत हवेने जरा मंद होईल. नाही झाला तरी असू द्या.

आणि पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो तुम्ही पाठवलेला नाही. अशा हलक्या किरी लाकडाच्या पेट्यांवर कधीकधी आतून शाईने काही लिहिलेलं असतं, आतल्या वस्तूबद्दल. पेटी एकीची आणि त्सुबा दुसरीची असंही सर्रास होतं, त्यामुळे तो पुरावा नव्हे. तरी पाठवा. मामांनी कोबेत कोणाकडून घेतली, एवढं कळलं तर मलाही हवं आहे.